हिवाळ्यात कोईचं तळं उबदार कसं राखावं

थंडी पडायला लागली की कोई मासे पाळणारा माणूस पहिल्यांदा हीटरची चौकशी करतो. किती वॅटचा घेऊ? प्रश्न रास्त आहे, पण त्याआधी दोन प्रश्न सोडवावे लागतात. आपल्याला पाणी किती अंशांवर हवंय? आणि आपलं तळं एका रात्रीत किती उष्णता गमावतं? ही दोन उत्तरं हातात असली की हीटरचा आकडा साध्या गुणाकाराने निघतो. बहुतेकदा तो आधी वाटला होता त्यापेक्षा लहान निघतो, कारण गळती मोजायला बसलेला माणूस ती बुजवल्याशिवाय उठत नाही.

माशाच्या अंगात काय चालतं

कोई हा कार्प कुळातला मासा. अंगात ऊब तयार करून ती राखण्याची सोय त्याच्याकडे नाही. पाणी जितके अंश, साधारण तितकेच अंश त्याचं रक्त, यकृत आणि आतडी. 20 ते 25 अंश सेल्सिअसला तो भरपूर खातो, वाढतो, जखमा पटकन भरून काढतो. पाणी 15 च्या खाली उतरलं की भूक मंदावते. 10 च्या खाली पचन इतकं सावकाश होतं की बहुतेक जाणते पाळणारे खाणं पूर्ण थांबवतात. 5 च्या जवळ मासा तळाशी जाऊन पर अंगालगत मिटून बसतो. तो आजारी नसतो, फक्त खर्च कमी करत असतो.

प्रतिकारशक्तीही याच जिन्याने खाली उतरते. काळजीची गोष्ट ही, की रोगजंतू याच क्रमाने थंडावत नाहीत. एरोमोनास नावाचे जिवाणू तळ्यात कायम असतात आणि थंडी ओसरताना ते माशाच्या आधी जागे होतात. कडाक्याची थंडी सुखरूप काढलेले मासे पाणी 8 वरून 14 कडे सरकत असताना अंगावर लाल व्रण घेऊन दिसतात, ते यामुळे.

त्यातून पहिली महत्त्वाची गोष्ट समजते. माशाला त्रास देते ती थंडीपेक्षा पाण्याची अस्थिरता. सलग 6 अंशांवर काढलेला महिना निरोगी कोईला झेपतो. दुपारी 13 आणि पहाटे 7, पुन्हा दुपारी 13, असे हेलकावे त्याला झेपत नाहीत. शरीर जागं व्हायला निघतं आणि अर्ध्या वाटेवरून परत फिरतं. त्यात दुपारी तो हालचाल करताना दिसला म्हणून कुणी मूठभर खाणं टाकलं, तर ते पचायच्या आत पहाट होते आणि अन्न आतड्यात तसंच राहतं.

किती अंश ठेवायचे

माझ्या मते इथे प्रामाणिक वाटा दोनच आहेत.

पहिली वाट झोपेची. पाणी 4-5 अंशांपर्यंत उतरू द्यायचं, खाणं बंद, तळं खोल आणि स्वच्छ, आणि कृत्रिम ऊब एवढीच की पृष्ठभाग पूर्ण गोठू नये. इथे निसर्गच मदतीला असतो. पाणी सर्वांत जड असतं ते 4 अंशांवर. त्याहून थंड झालेलं पाणी हलकं होऊन वर येतं आणि बर्फही वरच धरतो. त्यामुळे दीड मीटर खोलीच्या तळ्यात वर बर्फाचा पापुद्रा असला तरी तळाशी 4 अंशांचा थर टिकू शकतो आणि मासे त्यातच बसतात.

दुसरी वाट जागरणाची. पाणी सगळा हिवाळा 15 च्या आसपास किंवा त्याहून वर ठेवायचं, मासे थोडंफार खात राहतात, प्रतिकारशक्ती काम करत राहते. ही वाट माशांना, विशेषतः पहिल्या वर्षाच्या पिल्लांना आणि नुकत्याच आजारातून उठलेल्यांना फार मानवते. पण तिचे पैसे विजेच्या बिलात मोजावे लागतात.

मधली, म्हणजे 8 ते 12 ची पट्टी पुष्कळ जण काटकसर म्हणून निवडतात. ती काटेकोर स्थिर राखली तर चालते. माझा अनुभव असा, की त्या पट्टीत माणूस ढिला पडतो. थोडं खायला घालतो, थोडं झाकतो, आणि हेलकावे सुरूच राहतात. झोपवायचं तर नीट झोपवा, जागं ठेवायचं तर नीट जागं ठेवा.

जपानच्या नीगाता प्रांतातली डोंगरातली गावं हे या रंगीत कोईचं माहेर. तिथे हिवाळ्यात माणसाच्या उंचीपेक्षा जास्त बर्फ साचतो. तरीही तिथले पैदासकार जातिवंत मासे बर्फाखाली ठेवत नाहीत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात चिखलतळी उपसून मासे काढतात आणि छपराखालच्या हौदांमध्ये हलवतात. कोई थंडीतला मासा आहे, त्याला काही होत नाही, असं कुणी छातीठोकपणे सांगितलं की मला हे आठवतं. तग धरणं वेगळं आणि बरं असणं वेगळं.

उष्णता जाते कुठून

तळं म्हणजे गळकी घागर समजा. हीटर म्हणजे वरून पडणारी धार. भोक मोठं असेल तर धार कितीही वाढवा, घागर भरत नाही.

सर्वांत मोठं भोक पृष्ठभागाचं. तिथून उष्णता तीन तऱ्हेने जाते: बाष्पीभवनाने, वाऱ्याने आणि उघड्या आकाशाकडे होणाऱ्या उत्सर्जनाने. बाष्पीभवनाला कमी लेखलं जातं, म्हणून त्याचा हिशेब सांगतो. एक लिटर पाणी वाफ होऊन उडताना जेवढी उष्णता घेऊन जातं, तेवढ्याने मागे राहिलेलं 1000 लिटर पाणी अर्ध्या अंशाहून जास्त थंड होतं. माठातलं पाणी गार होतं तो हाच नियम, इथे मात्र तो आपल्या विरुद्ध काम करतो. थंड, कोरड्या, वाऱ्याच्या रात्री उबदार तळ्यावर धुकं तरंगताना दिसतं. ते सुंदर असतं, पण आपण विकत घेतलेली ऊबच डोळ्यांदेखत चाललेली असते.

निरभ्र रात्र ढगाळ रात्रीपेक्षा तळ्याला जास्त थंड करते. ढग पांघरुणासारखे काम करतात, उष्णतेचा काही भाग परत पाठवतात. हवेचं तापमान तेच असूनही दोन रात्रींत पाणी वेगवेगळं उतरलं, तर आधी आकाश आणि वारा आठवून पाहा.

तळ्याचा आकार इथे नशिबासारखा असतो. 10,000 लिटरचं तळं अर्धा मीटर खोल असेल तर पृष्ठभाग 20 चौरस मीटर. तेवढंच पाणी 2 मीटर खोल असेल तर फक्त 5 चौरस मीटर. पाणी सारखंच, पण वरचं भोक चौपट लहान. नवीन तळं खोदणार असाल तर सगळ्यात स्वस्त हीटर म्हणजे खोली.

जमिनीतूनही उष्णता जाते, पण भोवतालची माती स्वतः थोडी ऊब धरून असल्यामुळे ती वाट अरुंद असते. जमिनीच्या वर बांधलेल्या तळ्याची गोष्ट वेगळी. त्याच्या भिंतींना चारही बाजूंनी वारा लागतो, तेव्हा बाहेरून फोमचा जाड पत्रा लावणं जवळजवळ सक्तीचंच.

आणि धबधबा! पाण्याचे पातळ पापुद्रे करून ते थंड हवेतून खाली सोडायचे, यापेक्षा चांगलं शीतयंत्र माणूस मुद्दाम बनवायला गेला तरी बनवू शकणार नाही. थंडीत धबधबा बंद. शॉवर पद्धतीचा फिल्टर असेल तर त्याच्यातही हेच घडतं, पण त्याच्यात पाणी शुद्ध करणारे जिवाणू जगवायचे असल्यामुळे तो बंद करता येत नाही. मग त्याला चारही बाजूंनी पेटीसारखं बंद करून घ्या.

एका रात्रीची मोजणी

आता कामाची गोष्ट. 1000 लिटर पाणी 1 अंशाने तापवायला 1.16 युनिट वीज लागते. म्हणजे 10,000 लिटरला 11.6 युनिट. हा नियम उलटाही चालतो. 10,000 लिटरचं तळं 1 अंशाने थंड झालं, तर 11.6 युनिट उष्णता निघून गेली.

म्हणून एखाद्या थंड, निरभ्र रात्री हीटर असेल तर बंद करा. सूर्य मावळल्यावर पाण्याचं तापमान अर्ध्या खोलीवर मोजा. दशांशापर्यंत दाखवणारा तापमापक वापरा. बरोबर 12 तासांनी पुन्हा मोजा. समजा 10,000 लिटरचं पाणी 15.0 वरून 13.5 वर आलं. दीड अंश गुणिले 11.6, म्हणजे 17.4 युनिट. 12 तासांनी भागलं की जवळपास 1.45 किलोवॅट. या हवेत, या पाण्याच्या तापमानाला, तळ्याची गळती एवढी.

आता त्याच तळ्यावर आच्छादन घालून तशाच हवेच्या रात्री परत मोजा. दीडाचा आकडा किती खाली येतो ते पाहिलं की आच्छादनासाठी वेगळं समजावावं लागत नाही. मी स्वतः ही मोजणी केली नव्हती तोवर झाकण म्हणजे पालापाचोळा अडवायची गोष्ट समजत होतो. मोजल्यावर हीटर घ्यायच्या आधी झाकणाची चौकट बनवायला घेतली.

एक खबरदारी. गळती पाणी आणि हवा यांच्यातल्या फरकावर चालते. हवा आणखी 5 अंश उतरली तर गळती वाढेल, म्हणून वर्षातल्या सर्वांत थंड रात्रींसाठी वाढीव हिशेब धरा.

झाकायचं कसं

तळ्याच्या काठावर हलकी चौकट, तिच्यावर दुहेरी भिंतीचा पॉलिकार्बोनेटचा पत्रा, आणि पाणी व पत्रा यांच्यामध्ये हवेची पोकळी. ही माझ्या मते सर्वांत समाधानकारक रचना. आतली हवा ओलाव्याने भरली की बाष्पीभवन जवळपास थांबतं. वारा आत शिरत नाही. दिवसाचं ऊन आत येतं. पाण्यावर थेट तरंगणारा जाड बबल रॅप किंवा पोकळ प्लास्टिकचे गोळे हेही चालतात, फक्त एअर स्टोनच्या (पंपाची हवा बारीक बुडबुड्यांनी पाण्यात सोडणाऱ्या सच्छिद्र दगडाच्या) बुडबुड्यांवर मोकळी जागा ठेवा.

पूर्ण हवाबंद मात्र करू नका. माशाच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि तळाच्या गाळातून येणारे वायू बाहेर पडायला फट हवी. एका कोपऱ्यात हातभर जागा पुरते. जिथे बर्फ पडतो तिथे चौकटीला उतार द्या, नाहीतर साचलेला बर्फ पत्रा घेऊन पाण्यात येतो.

एअर पंप कुठे ठेवलाय तेही पाहा. उघड्यावर ठेवलेला पंप रात्रभर गोठलेली हवा पाण्यात फुंकत असतो. तोच आच्छादनाच्या आत किंवा बंद खोलीत ठेवला तर हवा निदान सौम्य मिळते. झोपेच्या वाटेने जाणाऱ्यांनी एअर स्टोन तळावरून उचलून मध्यावर टांगावा, म्हणजे तळाचा 4 अंशांचा थर ढवळला जाणार नाही. तापवलेल्या तळ्यात नेमकं उलट, पाणी सगळीकडे सारखं मिसळलेलं हवं.

मग ऊब कशाची

फक्त बर्फ धरू नये एवढंच हवं असेल तर तरंगता छोटा हीटर पुरतो. तो तळं तापवत नाही, स्वतःभोवती एक भोक उघडं ठेवतो. वायू बाहेर पडायला तेवढं भोक पुरेसं असतं. तरीही कधी सगळं गोठलंच तर हातोडीने फोडू नका. त्या आघाताच्या लहरी पाण्यातून थेट माशापर्यंत पोचतात. गरम पाण्याने भरलेलं धातूचं भांडं बर्फावर ठेवा आणि त्याला वितळू द्या.

पाणी खरोखर तापवायचं तर लहान आणि मध्यम तळ्यांना फिल्टरच्या पुढच्या पाइपमध्ये बसवलेला इलेक्ट्रिक हीटर सोपा पडतो. बसवायला सुटसुटीत, दर युनिट विजेची पूर्ण उष्णता पाण्यात उतरते. पण एक युनिट भरून एक युनिटच मिळतं. हीट पंप वेगळा. तो ऊब तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली ऊब उचलून पाण्यात आणतो, त्यामुळे सौम्य हवेत एका युनिट विजेत 3 ते 5 युनिट उष्णता देऊ शकतो. त्याची अडचण अशी, की हवा जितकी थंड तितकं त्याचं काम जड होतं, आणि गोठणबिंदूजवळ त्याच्या जाळीवर बर्फाचा थर धरतो. नेमक्या सर्वांत वाईट रात्री तो सर्वांत कमी देतो. मोठ्या तळ्यावर हीट पंपाच्या जोडीला लहान इलेक्ट्रिक हीटर ठेवावा, तो या कारणाने.

गॅसचा बॉयलर वापरायचा असेल तर तळ्याचं पाणी थेट त्यातून कधीही फिरवू नका. मध्ये हीट एक्स्चेंजर, म्हणजे दोन पाणी न मिसळता एकाची उष्णता दुसऱ्याला देणारं उपकरण हवं, टायटॅनियमचा किंवा चांगल्या प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचा. तांब्याचा नको. तांबं पाण्यात उतरलं की माशांच्या कल्ल्यांना विष होतं, आणि मऊ किंवा आम्लधर्मी पाण्यात ते लवकर उतरतं. सौर पॅनेलबद्दल थोडक्यात: नेमक्या गरजेच्या दिवसांत ऊन तिरपं आणि दिवस लहान असतात, म्हणून ते मदतनीस म्हणून चांगले, पण एकट्याच्या भरवशावर राहू नये.

हीटर किती मोठा, याबद्दल एक गोष्ट फार कमी वेळा सांगितली जाते. जरुरीपेक्षा मोठा हीटर धोकादायक असतो. 10,000 लिटरच्या झाकलेल्या तळ्यावर 6 किलोवॅटचा हीटर लावला आणि एका रात्री थर्मोस्टॅट (तापमान पाहून हीटर चालू-बंद करणारा स्विच) चालू अवस्थेत अडकला, तर पाणी तासाला अर्ध्या अंशाने चढतं. 10 तासांत 5 अंश. 2 किलोवॅटचा असता तर गळती धरून जेमतेम एखादा अंश. मोजलेल्या गळतीवर थोडीशी वाढ देऊन हीटर निवडा, आणि शक्य असेल तर एका मोठ्याऐवजी दोन लहान घ्या. एक बिघडला तर दुसरा निम्मं काम चालू ठेवतो. पहिल्याच्या मागे दुसरा स्वतंत्र थर्मोस्टॅट कट-ऑफ म्हणून लावा, आणि पाणी वाहत नसेल तर हीटर आपोआप बंद करणारा फ्लो स्विच लावा.

पाणी आणि वीज एकत्र आहेत, तेव्हा 30 मिलीअँपिअरला तुटणारा आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) आणि पक्कं अर्थिंग असल्याशिवाय पाण्यात हात घालू नका. हे काम जाणकार वायरमनकडूनच करून घ्या.

ऊब आली की बाकीचं बदलतं

थंडीत सगळं एका साखळीत बांधलेलं असतं. पाणी तापवलं की मासा खातो, खाल्लं की अमोनिया सोडतो, आणि तो खाणारे फिल्टरमधले जिवाणूही तापमानावरच अवलंबून. 10 च्या खाली ते फार सावकाश काम करतात. शरद ऋतूत पाणी थंड होऊ दिलं आणि मग ऐन थंडीत एकदम 16 वर नेलं, तर मासा काही दिवसांत भुकेला होतो, पण फिल्टर जागा व्हायला आठवडे लागतात. त्या मधल्या काळात अमोनिया साचतो. शिवाय पाणी तापलं की अमोनियाचा विषारी भागही वाढतो. पीएच 8 असेल तर 10 वरून 20 अंशांवर जाताना तो साधारण दुप्पट होतो.

म्हणून जागरणाची वाट निवडायची तर शरदातच. पाणी 16-17 वर असतानाच आच्छादन घालायचं आणि तिथेच रोखून धरायचं. खाली गेलेलं पाणी वर आणायचं असेल तर दिवसाला एका अंशापेक्षा जास्त नको, आणि अमोनिया व त्यापासून बनणारं नायट्राइट, दोन्हींची तपासणी रोज.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. सतत ऊब ठेवणं हे थंड होऊ देऊन पुन्हा तापवण्यापेक्षा स्वस्त पडतं, असं सांगितलं जातं. तसं नाही. थंड पाण्याची गळती कमी असते, म्हणून थंड होऊ दिलं तर वीज वाचतेच. स्थिर ऊब स्वस्त नाही, ती माशाच्या शरीरासाठी ठेवायची. हे माहीत असलं की बिल पाहून मध्येच हीटर बंद करायचा मोह आवरतो.

प्राणवायूचा हिशेब उलटा चालतो. 10 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 11.3 मिलीग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, 25 अंशांना सुमारे 8.3. तापवलेल्या, झाकलेल्या, खात्यापित्या माशांच्या तळ्यात म्हणूनच एअर पंप एक मिनिटही बंद नको.

वीज गेली तर? इथे तळ्याचा मोठेपणा कामी येतो. वरच्या उदाहरणातलं उघडं तळं तासाला अंशाचा आठवा भाग गमावतं, म्हणजे 8 तास वीज गेली तरी एक अंश. झाकलेलं असेल तर त्याहूनही कमी. पाण्याचा साठा हीच तुमची बॅटरी. प्राणवायूची मात्र अशी साठवण नसते. दाटीवाटीच्या तळ्यात तो काही तासांत घसरतो. म्हणून इन्व्हर्टरवर काही टाकायचं असेल तर तो हीटर नव्हे, 50-60 वॅटचा एअर पंप.

थंडी ओसरताना घाई होते. दुपार तापली की आच्छादन काढावंसं वाटतं, आणि रात्री पाणी पुन्हा कोसळतं. हीटर बंद करून तीच 12 तासांची मोजणी परत करा. उघड्या तळ्याचं पाणी सलग आठवडाभर पहाटेही 15 च्या खाली जात नसेल, तेव्हा आधी हीटर काढा. आच्छादन त्यानंतर, दिवसाआड थोडं थोडं सरकवत.